कार्ड पिवळं आलं, पण कातकरवाडीला कोणी विचारलंच नव्हतं

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आम्ही तो मोठा कागद चिकटवला तेव्हा बाहेर पावसाची झड लागलेली होती आणि कागदाचे कोपरे ओले होऊन सारखे वळत होते. २००८ चा पावसाळा. कागदावर गावाचं आरोग्य प्रगतीपत्रक, एकेका सेवेपुढे एकेक रंग, हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. आमच्या गावाला बरेचसे पिवळे आले होते, लसीकरणाला तर चक्क हिरवा. सरपंच खूष, नर्सताई खूष, आणि मी पण खूष, कारण पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, पाच गावांपैकी आमच्या गावाचं कार्ड पहिल्यांदा पूर्ण झालं होतं.

गर्दीच्या मागे एक कातकरी बाई उभी होती, डोक्यावर इरलं, कडेवर पोर. तिला वाचता येत नव्हतं पण रंग कळत होते. तिने विचारलं, "ताई, यात आमची वाडी हाय का?"

मी हो म्हणाले. वाडी त्याच ग्रामपंचायतीत येते, म्हणजे आलीच की. ती काही बोलली नाही, निघून गेली. रात्री मला झोप लागेना, कारण कार्ड भरताना जी बैठक झाली त्यात वाडीतलं एकही माणूस नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं.

त्या वेळी मी एका संस्थेत तालुका पातळीवर काम करत होते, जुन्या ठाणे जिल्ह्यातला डोंगराळ तालुका, पालघर वेगळा व्हायच्या आधीचा. गावाचं, पीएचसीचं नाव मी देणार नाही कारण ती माणसं आजही एकमेकांच्या समोर राहतात. पण जे झालं ते सगळं लिहून ठेवायचंय, कारण "लोकसहभाग" हा शब्द आता प्रत्येक आरोग्य धोरणात असतो आणि लोक म्हणजे नक्की कोण हे त्यात कोणी विचारत नाही.

आधी ही योजना काय होती ते

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ ला सुरू झालं. त्यात पैसा वाढवायचं होतं, गावागावात आशा कार्यकर्त्या नेमायच्या होत्या, पण त्यातली सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे सरकारी दवाखान्यावर लोकांनी देखरेख करायची असं सरकारच्याच कागदात लिहिलेलं होतं. हे काही आभाळातून पडलं नाही. १९७८ च्या अल्मा आटा जाहीरनाम्यात आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य आहे असं म्हटलं होतं, त्याला २५ वर्षं झाली तेव्हा २००३ साली जन आरोग्य अभियान या आरोग्य संघटनांच्या जाळ्याने मुंबईतून आरोग्य हक्काची मोहीम सुरू केली, मग २००४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाबरोबर देशात ठिकठिकाणी जनसुनवाया झाल्या, लोक उभे राहून सांगायला लागले की दवाखान्यात काय होतं. जनसुनवाई हा प्रकार राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून रोजगाराच्या कामातल्या पैशांसाठी वापरला होता, तोच आरोग्यात आला.

२००७ मध्ये नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा पहिला टप्पा सुरू झाला. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे, प्रत्येकात तीन तालुके, तालुक्यात तीन पीएचसी, पीएचसीत पाच गावं, म्हणजे २२५ गावं. राज्य पातळीवर पुण्याची साथी ही संस्था समन्वय बघायची आणि प्रत्येक जिल्ह्यात एकेक स्थानिक संस्था. गावात आरोग्य समिती, तिला वर्षाला १० हजार रुपये मुक्त निधी, तिच्या वरती पीएचसी समिती, मग तालुका, जिल्हा, राज्य. समितीने लोकांशी बोलून कार्ड भरायचं, कार्ड गावात लावायचं, जे लाल येईल त्यावर अधिकाऱ्यांशी बोलायचं, आणि मग जनसुनवाई.

गरज किती होती ते एका आकड्यावरून कळेल. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या आदिवासी समाजात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे जवळपास ९६ मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जात होती, दलित, आदिवासी, ओबीसी सोडून बाकीच्यांत हाच आकडा ५९. आणि "आदिवासी" हा पण एकच गट नाही, तेच या प्रकरणात पुढे येतं.

गाव एक, पण वस्त्या तीन

आमच्या ग्रामपंचायतीत मुख्य गाव कुणब्यांचं, एक पाडा ठाकरांचा आणि ओढ्यापलीकडे कातकरवाडी. महाराष्ट्रात तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. पूर्वी खैराच्या झाडापासून कात पाडायचे म्हणून कातकरी. जंगल गेलं, कात गेला, जमीन तर बहुतेकांकडे कधी नव्हतीच. अनेक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर आहेत. आमच्याकडची वाडी ज्या वरकस जमिनीवर होती ती सरपंचांच्या भावकीतली.

आता हे लक्षात ठेवून कार्ड कसं भरलं ते बघा. बैठक सकाळी अकराला, सरपंचांच्या पडवीत. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस, कातकरी माणसं त्या वेळी दुसऱ्याच्या शेतात चिखलात उभी, मजुरी सोडून कोण येणार. जे आले ते गावातले, काही ठाकर बाया, अंगणवाडीताई, आशाताई. एएनएम, म्हणजे नर्सताई, दर महिन्याला येते का, येते. लसीकरण होतं का, होतं. गावात खरंच होत होतं, खोटं कोणी बोललं नाही. समितीत दलित, आदिवासी, महिला असाव्यात हा नियम पण पाळलेला होता, आदिवासी म्हणून ठाकर पाड्यातला एक जण होता. कागदावर सगळं बरोबर.

त्या बाईच्या प्रश्नानंतर मी आणि माझी सहकारी एका संध्याकाळी वाडीत गेलो. तेच प्रश्न, तोच कागद, फक्त वेळ बदलली, सातनंतरची, चुली पेटल्यावर. आणि जागा बदलली, त्यांच्या अंगणात. सुरुवातीला कोणी बोलेना. एक म्हातारी म्हणाली, "इचारून काय करनार, आमी सांगितलं आन उद्या मालकाला कळलं मंग?" मालक म्हणजे जागेचा मालक. तेव्हा मला कळलं की सरपंचांच्या पडवीत यांना बोलावलं असतं आणि ते आले असते तरी कार्ड पिवळंच आलं असतं.

तीन संध्याकाळी गेल्या. मग सगळं बाहेर आलं. नर्सताई ओढ्याच्या अलीकडे गावात येते, लसीकरणाचं सत्र अंगणवाडीत, अंगणवाडी गावात, ओढ्याला पाणी असलं की पोरं घेऊन जाता येत नाही. जाता येतं तेव्हा, म्हणजे दिवाळीनंतर, वाडी रिकामी असते कारण सगळी कुटुंबं वीटभट्टीवर. पोरांची नावं नर्सताईच्या रजिस्टरमध्ये "स्थलांतरित" या शेऱ्याखाली, आणि भट्टी ज्या गावात तिथल्या नर्सताईच्या रजिस्टरमध्ये ती "बाहेरगावची". म्हणजे पोर दोन्हीकडे आहे आणि कुठेच नाही. बाळंतपणं बहुतेक घरी नाहीतर भट्टीवर. पीएचसीची गाडी बोलावली तर डिझेलचे पैसे मागतात. १०८ ची रुग्णवाहिका तेव्हा नव्हती, ती २०१४ ला आली.

वाडीचं वेगळं कार्ड आम्ही तिथेच बसून भरलं. जवळजवळ सगळं लाल.

म्हणजे एकाच ग्रामपंचायतीची तीन कार्डं तीन रंगांची होती, आणि ती मिसळून जे पिवळं आलं होतं ते कुठल्याच वस्तीचं खरं नव्हतं. सरासरी काढली की सगळ्यात तळाचा माणूस दिसत नाही, आणि पाहणी ज्याच्यासाठी आहे तोच दिसेनासा झाला तर ती कोणाच्या कामाची. जिल्ह्याच्या, राज्याच्या आकड्यांना आपण हा दोष देतो, पण मी माझ्या हाताने गावाच्या पातळीवर तेच केलं होतं.

वस्तीवार कार्ड ठेवायचं म्हटल्यावर समितीत बराच वाद झाला. सरपंचांचं म्हणणं, गाव एक आहे त्यात भेद कशाला पाडता. हे वाक्य मी त्यानंतर खूप ठिकाणी ऐकलं आणि ते म्हणणारी माणसं वाईट नसतात, पण गाव एक असतं तर ओढ्यावर साकव झाला असता. शेवटी अंगणवाडीताई आमच्या बाजूने बोलल्या, त्यांना माहीत होतं वजनाच्या दिवशी कोणाची पोरं येत नाहीत ते. तीन कार्डं लागली. भिंतीवर शेजारी शेजारी.

तारखेचं भांडण

जनसुनवाई जानेवारीत ठरत होती. वरून पण तेच सोयीचं होतं, पावसाळा नाही, मार्चअखेरची धावपळ नाही, अधिकाऱ्यांच्या तारखा मिळतात. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही आधी वाटलं नाही.

पण जानेवारीत वाडीत कोण असतं? म्हातारी माणसं, आणि कधीकधी ती पण नाही. पावसाळ्यात घरात धान्य नसतं तेव्हा भट्टीमालकाकडून उचल घेतात, ती फेडायला दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड उचलून जातात, नवरा बायको पोरं कोंबड्या सगळं, आणि पाऊस तोंडावर आला की परत. सहा-सात महिने. म्हणजे जिथे सरकार जनतेला विचारणार त्या दिवशी ज्यांचं कार्ड सगळ्यात लाल तीच माणसं हजर नसणार, आणि याला कोणी कट केलेला नाही, फक्त कॅलेंडर ज्यांच्या हातात आहे त्यांच्या आयुष्यात उचल आणि भट्टी नाही एवढंच.

दिवाळीच्या आधी घ्या असं आम्ही लेखी मागितलं, जमलं नाही. मग वाडीतल्या दोघींना भट्टीवरून आणायचं ठरलं. ऐकायला सोपं वाटतं पण भट्टीवर हजेरी जोडप्याची असते, बाई एक दिवस गेली तर नवऱ्याचंही काम अडतं, विटांचा हिशोब हजारावर, आणि मालकाची परवानगी घ्यायची ती कोणत्या तोंडाने, दवाखान्याविरुद्ध बोलायला नेतोय म्हणून? आम्ही टेम्पो केला, दोन दिवसांची मजुरी संस्थेने दिली. काही लोकांनी त्यावर आक्षेप घेतला की पैसे देऊन माणसं आणली. मला आजही वाटतं ते बरोबर होतं. बैठकीला येणाऱ्या अधिकाऱ्याचा तो दिवस पगारी असतो, मजुराचा का नको?

सुनावणी

पीएचसीच्या आवारात मांडव. एका बाजूला पॅनेल, पंचायत समितीच्या सदस्या, एक वकील, एक पत्रकार, बाहेरचे एक डॉक्टर. समोर मेडिकल ऑफिसर, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्ह्यातून आलेले एक साहेब. मधे सतरंजीवर लोक.

आधी नेहमीचे प्रश्न झाले. औषधं बाहेरून आणायला चिठ्ठी देतात. संध्याकाळी कोणी नसतं. विंचू चावल्यावर दार वाजवून परत आलो. डॉक्टरांनी उत्तरं दिली, काही टाळाटाळीची, काही खरी. खरी पण होती हे मी मुद्दाम सांगतेय. दोन डॉक्टरांची पदं मंजूर, एक रिकामं, असलेल्या डॉक्टरला महिनोन्महिने सुट्टी नाही, क्वार्टर गळतं, औषधांची मागणी केली की वरून येतंच नाही. आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक पीएचसी असा निकष आहे, पण डोंगरात वीस हजार माणसं किती पसरलेली असतात ते नकाशावर कळत नाही. डॉक्टर बोलताना त्यांचा आवाज फुटला आणि मांडव शांत झाला. आमच्यातल्या काही जणांना ती सुनावणी म्हणजे डॉक्टरला धारेवर धरायचा दिवस वाटायचा, मला त्या दिवसापासून तसं वाटेनासं झालं.

मग भट्टीवरून आलेली ती उभी राहिली. तीच, इरलंवाली.

तिच्या धाकट्या जावेचं बाळंतपण. गाडी मिळाली नाही, डोलीतून नेलं, पीएचसीत झालं, बाळ-बाळंतीण वाचली. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या बाईला दवाखान्यात बाळंतपण झालं की ७०० रुपये मिळायचे. हिला मिळाले नाहीत. का नाही? तिने एवढंच विचारलं. "ती दवाखान्यात आली ना? तुमीच सांगितलं व्हतं या म्हनून. मंग?"

नियम तपासला. महाराष्ट्रासारख्या राज्यात हे पैसे कोणाला तर दारिद्र्यरेषेखालच्या किंवा दलित-आदिवासी बाईला, वय १९ पूर्ण हवं, आणि पहिल्या दोन बाळंतपणांपुरतेच. जावेचं हे तिसरं मूल. वय नक्की माहीत नाही, दाखला नाही. जातीचा दाखला नाही, वाडीत कोणाकडेच नव्हता, कारण जमीन नाही, शाळेचा दाखला नाही, पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा कुठून आणणार. बँकेत खातं नाही आणि पैसे चेकने मिळतात. म्हणजे एकूण चार ठिकाणी ती बाद.

तालुका अधिकारी शांतपणे म्हणाले, आम्ही काय करणार, नियम दिल्लीचा आहे. आणि ते खरं होतं. पॅनेलवरचे वकीलसाहेब पेन बाजूला ठेवून बसले.

हा सगळ्या प्रकरणातला क्षण माझ्या मनातून जात नाही. लवकर लग्न, जास्त मुलं, कागद नाहीत, ही गरिबीची लक्षणं आहेत आणि योजनेने तीच लक्षणं बघून बाईला बाहेर काढलं. जिला सगळ्यात जास्त धोका, अठरा वर्षांची पोर किंवा तिसरेपणाची अशक्त बाई, तिलाच नको म्हटलं. ज्या कुणी हा नियम लिहिला त्यांनी लिहिण्याआधी अशा एका वाडीत एक संध्याकाळ बसून विचारलं असतं तर तो तसा लिहिला गेला नसता असं मला ठाम वाटतं. देशभरातून अनेक संघटनांनी ही अट काढा म्हणून मागणी लावून धरली होती, आणि वयाची व मुलांच्या संख्येची अट निघाली ती २०१३ मध्ये. आमच्या सुनावणीनंतर चार वर्षांनी.

मग बदललं काय

जे पीएचसीच्या हातात होतं ते बदललं, आणि ते लवकर बदललं. डिझेलचे पैसे मागणं बंद झालं, मोफत गाडीचा बोर्ड लागला. औषधांची शिल्लक फळ्यावर लिहायला सुरुवात झाली. लसीकरणाच्या आराखड्यात वाडीचं नाव स्वतंत्र ओळीत आलं, महिन्यातला एक दिवस ओढ्यापलीकडे. नर्सताईंनी आधी कुरकुर केली पण जायला लागल्या आणि मग त्यांनीच वाडीतल्या पोरांची नावं एका वहीत लिहून भट्टीच्या भागातल्या नर्सताईला फोन करून कळवायला सुरुवात केली. हे कुठल्याही परिपत्रकात नव्हतं. मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

गाव समितीच्या १० हजारातले पैसे पहिल्या वर्षी खुर्च्या आणि कपाटावर गेले होते, दुसऱ्या वर्षी वाडीतल्या बंद हातपंपाच्या दुरुस्तीला थोडे गेले. आशाताई मात्र वाडीतली मिळाली नाही कारण आठवी पास बाई वाडीत नव्हती. गावातलीच राहिली, चांगली होती, पण रात्री ओढा ओलांडून कोण येणार.

जातीच्या दाखल्यांसाठी प्रांत कार्यालयात खेटे घातले, काहींचे मिळाले. हे आरोग्याचं काम आहे का असं मला संस्थेतल्याच एकाने विचारलं होतं. सातशे रुपये दाखल्याशिवाय मिळत नसतील तर आहे.

जे पीएचसीच्या हातात नव्हतं ते तसंच राहिलं. डॉक्टरचं दुसरं पद रिकामंच. औषधं पुन्हा संपली. औषध खरेदी राज्याच्या पातळीवरची गोष्ट, तामिळनाडूने नव्वदच्या दशकातच त्यासाठी वेगळं महामंडळ काढलं आणि तिथे दवाखान्यात औषधं मिळायला लागली, तसं इथे करा असं आरोग्य चळवळ वर्षानुवर्षं सांगत होती. महाराष्ट्रात २०१७ ला खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे दिली गेली, मग २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. सतरंजीवर बसलेल्या बाईने २००९ मध्ये "चिठ्ठी नको, गोळी द्या" म्हटलं होतं.

आणि खाजगी दवाखाना तर या सगळ्याच्या बाहेरच होता. भट्टीवर ताप आला की बाया जवळच्या खाजगी डॉक्टरकडे जातात, सलाईन लागतं, उचल वाढते. देखरेख फक्त सरकारी सेवेवर. रुग्ण हक्कांची सनद खाजगी रुग्णालयांसाठी महाराष्ट्राच्या नियमांत आली २०२१ मध्ये, पण वाडीतल्या कोणाच्या तरी कानावर ती गेली असेल का याची मला शंका आहे.

आकडा कसा वाचायचा

पाच जिल्ह्यांचं मिळून चित्र चांगलं होतं. गावपातळीच्या सेवांना "चांगलं" म्हणणारी उत्तरं पहिल्या फेरीत ४८ टक्के, दुसऱ्या फेरीत ६१, तिसऱ्या फेरीत ६६. एवढी सुधारणा, ती पण लोकांनी स्वतः रंग भरून सांगितलेली, हे खरंच मोठं आहे आणि जे म्हणतात की लोकांना काय कळतं त्यांना मी हा आकडा नेहमी सांगते. पुढे ही प्रक्रिया १३ जिल्ह्यांपर्यंत गेली, राज्याने आपल्या अभियानाच्या बजेटमधून पैसे दिले, नावात "देखरेख" बरोबर "नियोजन" आलं, दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीचा पैसा कुठे खर्च व्हावा हे लोक सांगायला लागले. बाकीच्या अनेक राज्यांत पहिल्या टप्प्यानंतर काम थंडावलं, महाराष्ट्रात टिकलं. निधी मात्र वेळेवर यायचा नाही, कार्यकर्ते महिनोन्महिने बिनपगारी, आणि देखरेख करणाऱ्याचा पैसा ज्याच्यावर देखरेख करायची त्याच खात्याकडून येतो ही अडचण कधी सुटलीच नाही.

पण ६६ बघितलं की मला उरलेले ३४ आठवतात. ते सगळीकडे सारखे वाटलेले नसतात. ते ओढ्यापलीकडे असतात, शहरात नाल्यालगत असतात, ऊसतोडीच्या फडावर असतात. आमच्या गावाचं एकत्र कार्ड तिसऱ्या फेरीत जवळपास पूर्ण हिरवं झालं असतं. वाडीचं लसीकरण लालाचं पिवळं झालं होतं, बाळंतपण लालच होतं. तीन कागद शेजारी लावले नसते तर आम्ही पेढे वाटले असते.

म्हणून जे कोणी अशी प्रक्रिया कुठे करत असतील, शहरातल्या वॉर्डात, झोपडपट्टीत, कुठेही, त्यांना माझं सांगणं आहे की आधी वस्त्या मोजा, मग माणसं. बैठकीची वेळ मजुरीच्या वेळेत ठेवू नका. ज्याच्या जागेवर माणूस राहतो त्याच्या पडवीत त्याला बोलायला बोलावू नका. आणि आलेल्याला दिवसाची मजुरी द्या.

दुसऱ्या वर्षी सुनावणीची तारीख ठरवायला बैठक होती. या वेळी ती वाडीत घेतली, रात्रीची. तालुक्याहून सुचवलेल्या तीन तारखा मी वाचून दाखवल्या, तिन्ही डिसेंबर-जानेवारीतल्या. आधीच्या वर्षी मालकाच्या भीतीने गप्प बसलेली ती म्हातारी पुढे सरकली, बोटांच्या पेरांवर मोजायला लागली, गणपती, मग सर्वपित्री, मग दसरा. दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवशी तिचं बोट थांबलं. "ह्यो धरा. तवा भातकापनी सुरू नसल आन आमी हितंच आसू."

मी तीच तारीख लिहून तालुक्याला पाठवली. सुनावणी त्याच दिवशी झाली.